कपाळावरचे सोळाही चॅनल एकदम वर जातात, तेव्हा: एफनिर्समधल्या शारीरिक सिग्नलांबद्दल

एका संशोधक विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.साठी एफनिर्सचा (डोक्यावर अवरक्ताजवळचा प्रकाश टाकून मेंदूतल्या रक्तातले बदल मोजण्याच्या तंत्राचा) प्रयोग. कपाळावर १६ चॅनल, म्हणजे मोजमापाच्या १६ जागा. काम म्हणजे मनातल्या मनात वजाबाकी, तीन आकडी संख्येतून ७-७ कमी करत जायचं. २० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती, असे १० ब्लॉक. डेटाला ०.०१ ते ०.१ हर्ट्झचा बँडपास फिल्टर (फक्त तेवढ्या वारंवारतेचे चढउतार ठेवणारा) लावला. ऑक्सिहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन) सोळाही चॅनलांत झकास वर जातं, पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतका बदल दिसण्याची शक्यता) सगळीकडे ०.००१ च्या खाली. आणि परीक्षक विचारतात, ‘हे मेंदूतलं आहे कशावरून? कपाळाच्या कातडीतलं नाही कशावरून?’ शॉर्ट चॅनल (फक्त त्वचेचा सिग्नल टिपणारे, कमी अंतराचे चॅनल) घेतलेले नाहीत. तर आता कोणता अल्गोरिदम लावला म्हणजे हृदय, श्वास, रक्तदाब वगैरेंचा हा पसारा निघून जाईल?

परीक्षकांची शंका रास्त आहे. सोळाच्या सोळा चॅनल एकसारखे वर गेले, हा निकाल भक्कम असल्याचा पुरावा वाटतो, पण माझ्या लेखी तो उलटा संशय वाढवणारा आहे. वजाबाकी करताना कपाळामागचा सगळा मेंदू डावीकडून उजवीकडे एकाच मापाने, एकाच क्षणी कामाला लागतो, असं मानायला काही आधार नाही. त्वचेचा रक्तप्रवाह मात्र अगदी असाच वागतो.

अल्गोरिदमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नुसत्या फिल्टरने हे निघणार नाही. कारण त्रास देणारा सिग्नल कामाच्या तालावर चालतो. वजाबाकी सुरू झाली की रक्तदाब चढतो, थांबली की उतरतो. तुमचं चक्र ४० सेकंदांचं, म्हणजे ०.०२५ हर्ट्झ. मेंदूचा प्रतिसाद ०.०२५ वर, शरीराचा प्रतिसादही ०.०२५ वर. फिल्टरला फक्त वारंवारता कळते, त्यामुळे या दोघांना तो वेगळं करू शकत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी शरीराचं वेगळं मोजमाप घेतलं नसेल तर नंतर कितीही गणित केलं तरी ते एका मर्यादेपलीकडे जात नाही.

आता हे होतं कसं ते जरा नीट बघू, कारण उपाय त्यातूनच निघतात.

प्रौढ माणसाच्या डोक्यावर सोर्स (प्रकाश सोडणारा) आणि डिटेक्टर (तो टिपणारा) साधारण ३ सेंटिमीटर अंतरावर ठेवतात; अशी एक जोडी म्हणजे एक चॅनल. सोर्समधून निघालेला प्रकाश त्वचा, कवटी, मेंदूभोवतालचं पाणी ओलांडून मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत जेमतेम पोचतो आणि त्याच थरांतून परत वर येतो. म्हणजे त्वचेतून जाणं दोनदा, मेंदूला स्पर्श एकदाच, तोही निसटता. माजघरातली कुजबुज ओसरीवरून ऐकायची, आणि ओसरीवर पाहुण्यांचा कल्ला चालू, अशातला प्रकार. त्यामुळे त्वचेतल्या रक्तात झालेला लहानसा बदलही मेंदूतल्या मोठ्या बदलाइतका दिसू शकतो. डोक्याच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं हेही ध्यानात ठेवा. तिथे खरचटलं तरी किती रक्त येतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

या सिग्नलांपैकी काही निरुपद्रवी असतात. हृदयाचा ठोका १ हर्ट्झच्या आसपास, श्वास ०.२ ते ०.३ हर्ट्झ. तुमचा प्रतिसाद यांच्यापेक्षा बराच सावकाश असतो, म्हणून साधा लो-पास फिल्टर (संथ बदलच पुढे जाऊ देणारा) हे दोन्ही काढून टाकतो. एक अट मात्र आहे आणि तिकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं: सॅम्पलिंगचा वेग, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजमाप घेतलं जातं ते. चॅनल वाढवले की काही मशीन सोर्स एकेक करून पेटवतात आणि प्रत्येक चॅनलचा सॅम्पलिंग दर खाली येतो. समजा तो १.२५ हर्ट्झवर आला आणि माणसाची नाडी मिनिटाला ७२, म्हणजे १.२ हर्ट्झ. आता हा ठोका डेटामध्ये १.२ वर दिसणारच नाही. दोन्हींच्या फरकावर, ०.०५ हर्ट्झवर, सावकाश लाटेचं सोंग घेऊन दिसेल. नेमका तुमच्या कामाच्या पट्ट्यात. मग कोणताही फिल्टर त्याला ओळखणार नाही. म्हणून चॅनल थोडे कमी झाले तरी चालतील, पण दर ५ हर्ट्झच्या खाली जाऊ देऊ नका. १० असेल तर उत्तम.

खरी डोकेदुखी ०.१ हर्ट्झच्या आसपासची. रक्तदाबात साधारण दर १० सेकंदांनी एक लाट येते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सिग्मुंड मायर यांनी १८७६ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायर लाट. प्रत्येकात असते, बसलेल्या माणसापेक्षा उभ्या माणसात सहसा जास्त दिसते, आणि एफनिर्समध्ये तिची उंची कित्येकदा मेंदूच्या प्रतिसादाइतकी असते. कोणी ५ सेकंद काम आणि ५ सेकंद विश्रांती असा प्रयोग आखला, तर चक्र १० सेकंदांचं, ०.१ हर्ट्झचं, म्हणजे बरोबर मायर लाटेवर नेऊन बसवलेलं. असे आराखडे अजूनही बघायला मिळतात. तुमच्या चक्रात ही अडचण नाही. पण ०.१ वर फिल्टर कापला म्हणजे मायर लाट गेली, असंही समजू नका. तिची वारंवारता माणसागणिक थोडी इकडेतिकडे होते आणि फिल्टरची धार काही सुरीसारखी नसते.

आणि मग उरतो तो सगळ्यात कठीण भाग: कामामुळेच शरीरात होणारे बदल. वजाबाकी हा काही तटस्थ प्रयोग नाही. तणाव निर्माण करण्यासाठी म्हणून मानसशास्त्रात तो मुद्दाम वापरला जातो. अनुकंपी चेतासंस्था (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) जागी होते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्यांचं आकुंचन-प्रसरण बदलतं. बर्लिनमधल्या एव्हगेनिया किरिलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एफनिर्स आणि एफएमआरआय (मेंदूच्या कामाबरोबर बदलणारं रक्त दाखवणारं चुंबकीय स्कॅन) जोडून हे तपासलं. कामाच्या तालावर येणारा हा बनावट सिग्नल त्यांना कपाळाच्या त्वचेतलं रक्त वाहून नेणाऱ्या शिरांशी जुळलेला सापडला. त्याआधी २०११ मध्ये जपानमध्ये ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी शब्द आठवण्याच्या चाचणीत कपाळावरची त्वचा दाबून तिथला रक्तप्रवाह अडवला, तेव्हा ऑक्सिहिमोग्लोबिनची वाढ बरीचशी ओसरली. मेंदू तर तेवढंच काम करत होता. हे दोन अभ्यास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाचायला लावतो, आणि कपाळावरचे चॅनल निवडण्याआधी वाचायला लावतो.

यात आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे कार्बन डायऑक्साइड. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या पसरतात, कमी झाला की आकसतात. धमनीतल्या त्याच्या दाबात पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा फरक पडला तरी मेंदूचा रक्तप्रवाह काही टक्क्यांनी बदलतो. माणूस मोठ्याने बोलायला लागला की त्याच्या श्वासाची लय बदलते, कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि मेंदूच्या त्या भागाचा बोलण्याशी संबंध असो-नसो, तिथलं रक्त कमी होताना दिसतं. फेलिक्स शोल्कमान आणि सहकाऱ्यांनी बोलण्याच्या प्रयोगांत हे दाखवून दिलं. तुमचं काम मनातल्या मनात आहे म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. माणसं वजाबाकी करताना श्वास धरून ठेवतात. ब्लॉक संपला की ‘हुश्श’ करून एक मोठा उसासा टाकतात. तो उसासा दर ४० सेकंदांनी, ठरलेल्या जागी येतो, आणि त्याच्यामागून येणारा रक्तातला बदल तुमच्या सरासरीत नीट जमा होतो. छातीवर साधा श्वासपट्टा बांधून ब्लॉकच्या शेवटी काय होतं ते एकदा बघाच. उसासे डोळ्यांना दिसतात.

इलियास ताख्त्सिडिस आणि शोल्कमान यांनी २०१६ मध्ये या सगळ्याची एक उपयोगी मांडणी केली. प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारायचे: मेंदूतला की बाहेरचा? पेशींच्या कामामुळे की साऱ्या शरीरातल्या बदलामुळे? कामाने उठवलेला की आपोआप चाललेला? मेंदूबाहेर पेशींच्या कामाचा प्रश्न येत नाही, म्हणून त्यातून आठऐवजी सहा घटक निघतात आणि त्यांतला फक्त एक आपल्याला हवा असतो. बाकीचे पाच त्याचा आभासही निर्माण करू शकतात आणि त्याला झाकूही शकतात. झाकण्याचा भाग विसरला जातो. त्वचेतला रक्तप्रवाह कामाच्या वेळी कमी झाला तर मेंदूतली खरी वाढ त्यात खपून जाते आणि आपण ‘काही सापडलं नाही’ असं लिहून मोकळे होतो.

आता उपाय. माझं मत स्पष्ट आहे: पैसे असतील तर आधी शॉर्ट चॅनलवर घाला, मग बाकी सगळं. सोर्सपासून साधारण ८ मिलिमीटरवर डिटेक्टर ठेवला तर तिथवर आलेला प्रकाश त्वचेतच फिरलेला असतो, मेंदूपर्यंत गेलेलाच नसतो. म्हणजे त्वचेचा शुद्ध सिग्नल हातात येतो आणि ३ सेंटिमीटरच्या चॅनलमधून तो वजा करता येतो. रोल्फ सागर आणि अँड्र्यू बर्जर यांनी ही कल्पना २००५ मध्ये मांडली, आणि इतक्या वर्षांत तिच्याइतकं साधं आणि कामाचं दुसरं काही माझ्या तरी हाती लागलेलं नाही. ८ मिलिमीटर हे प्रौढांसाठी, बरं का. नवजात बाळाची कवटी इतकी पातळ असते की तिथे ८ मिलिमीटरवरसुद्धा मेंदूचा सिग्नल येतो. बाळांसाठी अंतर २ मिलिमीटरच्या आसपास लागतं, आणि ते प्रत्यक्षात जमवणं महाकठीण. याउलट काही जण दीड सेंटिमीटरचा चॅनल ‘शॉर्ट’ म्हणून वापरतात. त्यात थोडा मेंदूही येतो. मग वजाबाकीत आपलाच माल आपण फेकून देतो.

किती शॉर्ट चॅनल लागतात, हा नेहमीचा पुढचा प्रश्न. एक कुठेतरी ठेवून भागत नाही. त्वचेचा सिग्नल सगळ्या डोक्यावर सारखा नसतो. लुई गान्यों आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की शॉर्ट चॅनल मोठ्या चॅनलपासून दीड सेंटिमीटरच्या आत असेल तरच त्याचा पुरेपूर फायदा होतो. प्रत्येक सोर्सला एक असला तर आनंदच. नसतील तेवढे, तर आहेत ते साऱ्या डोक्यावर पसरून ठेवा आणि विश्लेषणात सगळेच एकत्र वापरा. कोण कोणाच्या जवळ आहे याचा हिशेब मग मॉडेललाच करू द्या. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: ८ मिलिमीटरवर प्रकाश इतका जास्त येतो की डिटेक्टर भरून वाहतो. आलेख वरच्या मर्यादेला चिकटून सपाट झालेला दिसला, तर तो चॅनल असून नसल्यासारखा. सोर्सची ताकद कमी करणं किंवा डिटेक्टरसमोर प्रकाश कमी करणारी पट्टी लावणं, यातलं मशीनला जे मानवेल ते करा. पण हे सत्र सुरू व्हायच्या आधी तपासा.

शॉर्ट चॅनलचा सिग्नल काढायचा कसा, यावरून बराच गोंधळ दिसतो. बरेच जण आधी तो मोठ्या चॅनलमधून वजा करतात, मग उरलेल्याची ब्लॉकवार सरासरी घेतात. यात एक खोट आहे. त्वचा आणि मेंदू दोन्ही कामाच्या तालावर चालत असतील तर पहिल्याच वजाबाकीत सामाईक वाटा त्वचेच्या खात्यात जमा होतो आणि मेंदूच्या वाट्याला कमी येतं. त्यापेक्षा एकाच जीएलएममध्ये (जनरल लिनिअर मॉडेल: मोजलेला सिग्नल अनेक घटकांच्या बेरजेतून समजावणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) सगळं एकत्र बसवा: कामाचा अपेक्षित प्रतिसाद, सगळ्या शॉर्ट चॅनलांचे ऑक्सि आणि डीऑक्सि (ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे) सिग्नल, सावकाश सरकणाऱ्या बेसलाइनसाठी दोन-चार संथ लाटा, आणि असेल तर डोक्याची हालचाल मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर. शॉर्ट चॅनल एकमेकांसारखेच असतात म्हणून आधी त्यांच्यातले मुख्य घटक (बहुतेक चढउतार ज्यांत सामावतात ते) शोधून तेवढेच मॉडेलमध्ये घातले तर गणित नीट बसतं. रक्तदाब किंवा श्वासही मोजला असेल तर तो काही सेकंद पुढेमागे सरकवलेल्या प्रतींसह घाला, कारण छातीत झालेला बदल कपाळावर पोचायला वेळ लागतो आणि तो वेळ प्रत्येक जागी वेगळा असतो. अलेक्झांडर फॉन ल्यूमान यांच्या गटाने २०२० मध्ये या सगळ्या साथीदार सिग्नलांना वेळेच्या सरकेसह जीएलएममध्ये आणण्याची पद्धत मांडली. डेटा चांगला असेल तर ती वापरून बघण्यासारखी आहे.

त्याच जीएलएमविषयी दुसरी सूचना, आणि तुमच्या ०.००१ खालच्या पी-व्हॅल्यूंचं बरंचसं रहस्य इथे असावं. एफनिर्सचे सलग बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. १० हर्ट्झने घेतलेल्या डेटात आत्ताचा बिंदू आणि ०.१ सेकंदानंतरचा बिंदू जवळपास सारखेच, कारण मायर लाट आणि श्वास त्यांना बांधून ठेवतात. साधं जीएलएम प्रत्येक बिंदूला नवा पुरावा समजतं आणि पी-व्हॅल्यू हास्यास्पद लहान होते. बँडपास फिल्टर लावल्यावर तर बिंदू आणखी एकमेकांना चिकटतात. म्हणून प्री-व्हाइटनिंग (बिंदूंमधला हा आपसातला संबंध आधी काढून टाकणं) असलेली पद्धत हवी. बार्कर, आराबी आणि हपर्ट यांनी २०१३ मध्ये दिलेली एआर-आयआरएलएस ही त्यातली सर्वांत परिचित. ती हालचालीचे झटकेही बऱ्यापैकी पचवते. ब्रेन अ‍ॅनालायझआयआर या टूलबॉक्समध्ये ती तयार मिळते. पायथनमध्ये काम करत असाल तर एमएनई-एनआयआरएस बघा.

हालचालीबद्दल एवढंच: आधी झटके दुरुस्त करा, मग फिल्टर लावा. उलट केलं तर एका झटक्याचे पडसाद मागेपुढे कितीतरी सेकंद पसरतात.

आता शॉर्ट चॅनल नसतील तर काय? तुमची अवस्था हीच आहे. सगळ्या चॅनलांना सामाईक असलेला भाग काढून टाकणं हा एक मार्ग: सरासरी वजा करा, किंवा मुख्य घटकांपैकी पहिला किंवा पहिले दोन काढा. डोकंभर चॅनल असतील आणि मेंदूचं काम एका कोपऱ्यात अपेक्षित असेल, उदाहरणार्थ बोटं हलवताना दुसऱ्या बाजूचा मोटर भाग, तर हे बरं चालतं. तुमचे सगळे चॅनल कपाळावरच आहेत. तिथे सामाईक म्हणजे त्वचा की मेंदू, हेच तर माहीत नाही. पहिला घटक काढल्यावर जे उरेल त्यात काही चॅनल खाली गेलेले दिसतील, आणि तेही त्या वजाबाकीनेच तयार झालेलं असू शकतं. त्या ‘खाली गेलेल्या’ चॅनलांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत.

दुसरा मार्ग डीऑक्सिहिमोग्लोबिनकडे वळण्याचा. पेशी कामाला लागल्या की रक्ताचा ओघ गरजेपेक्षा जास्त वाढतो, ऑक्सि वर जातं आणि डीऑक्सि थोडं खाली येतं. त्वचेतले बदल मुख्यतः ऑक्सिमध्ये दिसतात. डीऑक्सिवर त्यांचा परिणाम कमी. म्हणून डीऑक्सि हा जास्त विश्वासू साक्षीदार. पण त्याचा आवाज बारीक असतो: बदल ऑक्सिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. तुम्ही प्रश्नात डीऑक्सिबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सोळांपैकी कोणत्या चॅनलांत ते खाली गेलं ते आधी बघा. ऑक्सि आणि डीऑक्सि दोन्ही वर गेले असतील, तर तो चॅनल मेंदूचा म्हणून मांडू नका.

इथे एक सावधगिरी. ऑक्सि आणि डीऑक्सि उलट दिशेने चालले पाहिजेत हे गृहीत धरून दोन्हींचा मिलाफ करणारी एक पद्धत २०१० पासून प्रचारात आहे. झटके काढायला ती ठीक. पण तिच्यातून बाहेर पडणारे दोन सिग्नल व्याख्येनेच एकमेकांचे उलटे असतात. नंतर तोच उलटेपणा मेंदूच्या कामाचा पुरावा म्हणून दाखवला तर परीक्षक हसतील, आणि त्यांनी हसावंच.

प्रयोगाच्या आखणीत जेवढं वाचवता येतं तेवढं नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने वाचत नाही. विश्रांती नेमकी २० सेकंदांची ठेवू नका. १८ ते २८ सेकंदांच्या दरम्यान ती पुढेमागे करा. ठरलेली विश्रांती असली की तिसऱ्या-चौथ्या ब्लॉकपर्यंत माणसाला अंदाज येतो आणि शरीर सूचना येण्याआधीच तयारीला लागतं. शिवाय वेळ बदलती ठेवली की मायर लाट दर ब्लॉकला वेगळ्या टप्प्यावर भेटते आणि सरासरीत विरते. विरण्याचा वेग वर्गमुळाचा: १६ ब्लॉक घेतले तर अशी बेताल लाट चौथ्या हिश्श्यावर येते, १० घेतले तर साधारण तिसऱ्या. कामाच्या तालावरचे बदल मात्र यातून विरत नाहीत, त्यासाठी तुलनेचं काम हवं. नुसती विश्रांती ही तुलना नव्हे. वजाबाकीच्या तोडीचं, डोळ्यांना-हातांना तेवढंच गुंतवणारं, पण हिशेब न करायला लावणारं काहीतरी द्या: पडद्यावरचे आकडे मनात नुसते वाचायचे, किंवा १-१ ने मोजत जायचं. शब्द आठवण्याच्या चाचणीत ‘क’पासून सुरू होणारे शब्द बोलायला सांगत असाल, तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वेळ, तेवढ्याच आवाजात ‘अ आ इ ई’ म्हणायला लावा. बोलण्याचा श्वास, जबड्याचे स्नायू, कार्बन डायऑक्साइड, हे सगळं दोन्हीकडे येतं आणि फरकात बऱ्यापैकी कटतं. कानशिलाजवळ चॅनल असतील तर जबड्याचा मुद्दा खासच महत्त्वाचा. दात आवळले तरी तिथला सिग्नल उडी मारतो. अर्थात अवघड काम दिल्याचा ताण तुलनेच्या सोप्या कामात नसतो, म्हणून हा उपायही पुरता नाही. तो शॉर्ट चॅनलच्या जोडीनेच घ्यायचा.

श्वासाबद्दल सूचना देताना जपून. ‘आरामात बसा, दीर्घ श्वास घ्या’ असं आपण सवयीने बोलून जातो. ते नको. दीर्घ श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि तुमची बेसलाइनच बिघडते. ‘नेहमीसारखे बसा’ एवढं पुरे. येताना चहा-कॉफी घेतली का ते सगळ्यांना विचारा आणि नियम एकच ठेवा, कारण कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो. पहिला ब्लॉक सुरू करण्याआधी पाच मिनिटं शांत बसू द्या. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी आणि घाम दोन्ही ओसरू द्यावे लागतात, विशेषतः मे महिन्यात.

कॅप (सोर्स-डिटेक्टर धरून ठेवणारी टोपी) बसवणं हे या कामातलं निम्मं यश आहे आणि आपल्याकडच्या केसांसाठी ते जास्त कष्टाचं. काळे, दाट केस प्रकाश गिळतात. ऑप्टोडच्या (सोर्स किंवा डिटेक्टरच्या त्वचेला टेकणाऱ्या टोकाच्या) प्रत्येक भोकातून बारीक काडीने केस बाजूला सारून त्वचा उघडी करावी लागते. घाईने दाबून बसवलं की सिग्नल येत नाही. तेल लावून आलेल्या डोक्यावर ऑप्टोड घसरतात, म्हणून आदल्या दिवशीच केस धुऊन यायला सांगा. अंबाडा, वेणीची गाठ, क्लिपा कॅपखाली येणार नाहीत हे बघा. कपाळावर काम असेल तर टिकली, कुंकू, गंध पुसायला आधीच विनंती करावी. ऐन वेळी सांगितलं तर काहींना अवघडल्यासारखं होतं, आणि त्या अवघडण्याचाही रक्तदाब असतोच. वर काळं कापड किंवा काळी टोपी घाला, खिडकीचं ऊन थेट पडू देऊ नका.

आता एक गंमत. जो हृदयाचा ठोका आपण शेवटी काढून टाकणार, तोच सुरुवातीला आपला सर्वांत चांगला परीक्षक असतो. ऑप्टोड त्वचेला नीट टेकला असेल तर स्क्रीनवर दर सेकंदाला एक छोटा, टोकदार उंचवटा दिसतो आणि तो ७६० आणि ८५० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींत एकाच वेळी येतो. कॅप बसवल्यावर मी एकेका चॅनलवर तो शोधतो. दिसत नसेल तर केस पुन्हा सारायचे. याच कल्पनेवर २०१४ मध्ये पोलोनिनी यांनी त्वचा-संपर्काचा निर्देशांक मांडला: ठोक्याच्या पट्ट्यात दोन्ही तरंगलांबी किती जुळतात ते बघायचं. साधारण ०.७५ च्या खाली असलेले चॅनल गाळतात. विश्लेषणातही हा निर्देशांक आधी मोजा, ठोका फिल्टरने घालवण्यापूर्वी. क्रम चुकला तर मोजायला काही उरतच नाही.

महागड्या वाटाही आहेत. टाइम-डोमेन यंत्रं प्रत्येक प्रकाशकणाला परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. उशिरा आलेले खोलवर जाऊन आलेले असतात, म्हणून उशिराचेच घेतले की त्वचेचा वाटा कमी होतो. दाट ऑप्टोडांच्या टोमोग्राफीत वेगवेगळ्या अंतरांच्या चॅनलांवरून खोलीचा अंदाज बांधता येतो. विद्यापीठातल्या सामान्य प्रयोगशाळेला यांतलं काही परवडत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ आणि बोटावरचं नाडीमापक मात्र ओळखीच्या वैद्यकीय विभागाकडून उसनं मिळू शकतं, आणि त्यांचा उपयोग शॉर्ट चॅनल जिथे थांबतात तिथून पुढे होतो. शॉर्ट चॅनल फक्त त्वचेचं बघतात. कार्बन डायऑक्साइडने मेंदूतलंच रक्त बदललं तर त्यांना त्याचा पत्ता नसतो.

दोन माणसांचे मेंदू एकत्र मोजून त्यांचा ‘ताल जुळला’ असं दाखवणारे प्रयोग हल्ली जोरात आहेत. समोरासमोर बसून बोलणारी दोन माणसं श्वासही एकमेकांच्या लयीत घेतात, हे तिथे तपासलेलं क्वचितच दिसतं. विषय वेगळा आहे, पण तुमच्या विभागात कोणी ते करत असेल तर त्यांच्या कानावर घाला.

राहिला तुमच्या हातातला डेटा. तो फेकू नका. आधी बँडपास काढून प्री-व्हाइटनिंगसह जीएलएम पुन्हा चालवा आणि १६ चॅनलांसाठी एफडीआर दुरुस्ती (अनेक चाचण्या केल्याने येणारे खोटे निकाल आवरणारी) करा. मग ऑक्सि आणि डीऑक्सि दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक चॅनल बघा. त्यानंतर ही एक चाचणी करा, ती परीक्षकांना दहा पानांपेक्षा जास्त पटेल: त्याच यंत्रावर काही माणसांचा नुसता विश्रांतीचा डेटा घ्या, त्यावर तुमच्याच ब्लॉकांच्या खोट्या वेळा टाका आणि संपूर्ण विश्लेषण जसंच्या तसं चालवा. एकेका चॅनलसाठी ०.०५ ची मर्यादा ठेवली असेल तर साधारण २० पैकी एका चॅनलमध्ये खोटा निकाल यायला हवा. पाच-सहा यायला लागले तर तुमची पद्धत मुळातच उदार आहे. उलट दिशेनेही तपासा: त्याच विश्रांतीच्या डेटात तुमच्या अंदाजाइतका कृत्रिम प्रतिसाद मिसळा आणि तो परत सापडतो का ते बघा. या चाचणीतून विश्लेषणाचा दोष कळेल. कामामुळे बदललेला त्वचेचा रक्तप्रवाह कळणार नाही, कारण विश्रांतीत तो बदलतच नाही.

त्यासाठी सहा-सात जणांवर छोटा पुरवणी प्रयोग करावा लागेल असं मला वाटतं. तोच आराखडा, बदलती विश्रांती, आकडे वाचण्याचं तुलनेचं काम आणि उसने आणलेले का होईना, चार शॉर्ट चॅनल. तिथे शॉर्ट चॅनलही वजाबाकीच्या तालावर तुमच्या मोठ्या चॅनलांइतकेच वर गेले, तर जुन्या डेटावर ‘कामाशी निगडित, उगम अनिश्चित’ एवढंच लिहा. शॉर्ट चॅनल घालूनही दोन-तीन मोठे चॅनल टिकले आणि तिथे डीऑक्सि खाली गेलेलं दिसलं, तर तेवढ्या चॅनलांबद्दल मेंदूचा दावा करा, बाकीचे तक्त्यात राहू द्या. प्रबंधात सॅम्पलिंग दर, फिल्टरचा प्रकार आणि मर्यादा, गाळलेले चॅनल आणि गाळण्याचा निकष, शॉर्ट चॅनल नसल्याचा उल्लेख, हे सगळं पद्धतीच्या प्रकरणातच द्या. मर्यादांच्या शेवटच्या परिच्छेदात ढकललं की परीक्षक तेच पहिलं शोधतात.